नऊ दिवस फुंकायचं नाही

आमच्या घरात नवरात्राचे नऊ दिवस कुणी तोंडाने फुंकर मारत नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काहीच नीट समजणार नाही, आणि मला मागचं पुढे सांगायची सवय आहे, म्हणून हे पहिल्यांदा लिहून टाकतो.

देवीपुढे घट बसतो, शेजारी तेलाचा दिवा लागतो. तो दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही, हे बहुतेक घरांत असतं. आमच्यात त्याला एक जोड आहे. ज्यांनी दिवा राखायचा, त्यांनी त्या दिवसांत कशावरच फुंकायचं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, चूल फुंकणीने फुंकत नाही, जुन्या सुपाने वारा घालते. कॉफी गरम असली तर बशीत ओतून वाट बघायची. शाळेत असताना मास्तरांनी मुलांना गोळा करायला माझ्या हातात शिट्टी दिली, तेव्हा मी ती खिशात ठेवली आणि टाळ्या वाजवत फिरलो. सगळी शाळा हसली होती. ही रीत कुठून आली, माहीत नाही. आमचे लोक बेंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आले की मूळ गावाचं नावसुद्धा घरात कुणाला सांगता येत नाही. देवी, बोली आणि अशा दोन-चार रीती तेवढ्या बरोबर राहिल्या.

माझे अप्पा आनेकल ते बेंगळूर अशी एका खाजगी मालकाची बस चालवत. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी. सकाळी आनेकलहून रेशमाचे कोष, भाजीच्या टोपल्या, कोर्टकचेरीची माणसं घेऊन यायचं आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परत जायचं. आमचं घर पेठेत, बस स्टँडपासून चालत जाण्यासारखं. घरात मीच पहिला कॉलेजात गेलेला. बी. ए. झालो आणि त्या वर्षी लॉ कॉलेजात नाव घातलं. अप्पांना वकील म्हणजे काय ते नीट माहीत होतं असं मला वाटत नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की पोलीस वकिलाशी बोलताना खुर्चीवरून उठतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी लहान असताना अप्पा पीत असत. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे की संध्याकाळी दार वाजलं की अव्वा कडी काढण्याआधी आतून विचारायची, "कोण?" आणि अप्पा "मी" कसे म्हणतात त्यावरून मला कुठे बसवायचं ते ठरवायची. मग एका नवरात्रात अप्पांनी देवीच्या दिव्यावर हात धरून सोडली. त्यानंतर ते कधी प्यालेले मी पाहिले नाहीत. पण अव्वाची एक सवय गेली नाही. धुवायला टाकण्याआधी ती त्यांचा सदरा नाकाशी नेते. लपवून नाही, आमच्यासमोर. अप्पा त्या वेळी दुसरीकडे बघतात.

मी लॉ कॉलेजात गेलो त्या वर्षी अप्पांनी नवरात्राचा उपास कडक केला. एरवी ते वऱ्याचे तांदूळ, रताळं असं खात. त्या वर्षी सकाळी दूध, संध्याकाळी केळं, बाकी काही नाही. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, पण सांगितलं नाही ते माझ्याकडे बघत, त्यावरून माझ्या शिक्षणासाठी आहे हे मला कळलं. अव्वा म्हणाली, "उपाशी पोटी गाडी चालवणार काय?"

"गाडी पाय चालवतात," अप्पा म्हणाले. "पोटाचं काय काम?"

पाच-सहा दिवस गेले. मग एका दुपारी भाजी विकणारी एक बाई, अप्पांच्या बसने रोज येणारी, आमच्या दारात आली. टोपली खाली न ठेवता ती कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, तुमच्या माणसाला पोलिसांनी गाडीतून उतरवलं."

तिने सांगितलं ते असं. सीमा जवळ आहे. पलीकडे मद्रास राज्यात दारूबंदी, म्हणून होसूर रस्त्यावर पोलीस नेहमी असायचे, पोती उघडून बघायचे. पण त्या दिवशी हवालदार पोत्यांकडे गेलाच नाही. सरळ ड्रायव्हरच्या दाराशी आला. अप्पांना खाली बोलावलं, वहीचा कागद फाडून त्याचा कोन केला, त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "ऊदु." म्हणजे फुंक.

अप्पा म्हणाले, "फुंकणार नाही."

"का?"

"नवरात्र आहे."

"मग? मला नवरात्र नाही? माझ्याही घरी दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्यात."

"आमच्यात फुंकत नाहीत. तोंड उघडतो. हवा तेवढा वास घ्या, हुंगा."

"हुंगू? मी काय तुझ्या दारातला कुत्रा आहे?"

बसमधली माणसं हसली. "त्या हसण्यानेच घात केला," भाजीवाली म्हणाली. "नाहीतर हवालदाराने नाक पुढे केलंच होतं, मी बघितलं. सगळे हसले आणि त्याने मान ताठ केली."

तिथून हवालदार अप्पांना तपासणीसाठी इस्पितळात घेऊन गेला होता. मी पोचलो तेव्हा अप्पा बाकावर बसले होते, शेजारी तो हवालदार. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत होते. डॉक्टर जेवायला गेले होते. बसचं काय झालं, मी विचारलं. अप्पा म्हणाले, "कंडक्टरचा मेव्हणा घेऊन गेला."

मला ते ऐकताच काहीतरी खटकलं. कंडक्टर आणि अप्पा त्या पावसाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. टपावर किती सामान चढवायचं, यावरून भांडण झालं होतं. कंडक्टरच्या मेव्हण्याकडे बस चालवायचं लायसन्स होतं पण नोकरी नव्हती, हे सगळ्या स्टँडला माहीत होतं. आणि पोलिसांनी गाडी अडवली त्याच दिवशी तो मेव्हणा त्याच बसमध्ये प्रवासी म्हणून बसलेला होता.

डॉक्टर आले. अप्पांना रेषेवर चालायला लावलं, बोटं मोजायला लावली, तोंड उघडायला सांगितलं. वास घेतला आणि विचारलं, "उपाशी आहात?"

"नवरात्र," अप्पा म्हणाले.

"वास आहे. गोडसर आहे. दारूचाच असं नाही म्हणत मी," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला बसले. घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. मी मान लांब करून वाचलं. चाल स्थिर, बोलणं स्पष्ट, तोंडाला वास आहे. एवढंच.

मी म्हणालो, "सर, दारूचाच असं नाही, असं आपण आत्ता म्हणालात. ते पण लिहाल का?"

"वास आहे की नाही?"

"आहे, पण..."

"आहे, तेच लिहिलंय. नाही ते लिहिलेलं नाही. सरी? बरोबर ना?"

हवालदाराने अप्पांना सोडलं, कारण धड चालणाऱ्या माणसावर प्यायल्याचा खटला उभा राहिला नसता. पण लायसन्स ठेवून घेतलं. थोड्या दिवसांनी परवाना अधिकाऱ्याची नोटीस आली. तपासणीला नकार दिला, तोंडाला वास होता, पूर्वी व्यसन असल्याची माहिती आहे, तरी सराईत मद्यपी म्हणून तुमचं लायसन्स रद्द का करू नये, ते समक्ष येऊन सांगावं. मी ती वाचून दाखवली. अप्पांनी फक्त एक विचारलं, "पूर्वीचं त्यांना कुणी सांगितलं?"

लायसन्स गेलं असतं तर अप्पांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांचे हात स्टिअरिंगसाठीच घडले होते. आणि माझं कॉलेजही त्याच स्टिअरिंगवर चालत होतं.

मी लायब्ररीत जाऊन मोटार कायदा काढला. इतकं मन लावून मी आधी काही वाचलं नव्हतं, परीक्षेसाठीसुद्धा नाही. त्या कायद्यात फुंकण्याचा शब्दच नव्हता. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका माणूस प्यालेला असला तर गुन्हा. पोलिसाने पकडलं तर डॉक्टरापुढे न्यायचं. कागदाच्या कोनात फुंकलंच पाहिजे, असं कुठे नव्हतं. राज्यघटनेत तर चक्क लिहिलेलं होतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मला वाटलं, संपलं. आपण जिंकलो. पण अडचण पुढच्या पानावर होती. लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला खटला, शिक्षा काही लागत नव्हतं. माणूस सराईत दारुडा आहे अशी त्याची खात्री पटली की पुरे. खात्री कशाने पटते, ते कायद्याने त्याच्यावर सोडलं होतं.

तासाला मी हात वर केला. आमचे एक वयस्कर प्राध्यापक होते, प्रश्न विचारला की चष्मा काढून ऐकायचे. मी विचारलं, श्वास ही साक्ष धरायची का?

"कुणाची केस आहे?"

"कुणाची नाही सर. ऐकलेली आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "तोंडातून शब्द निघतो तो वेगळा, वास निघतो तो वेगळा. बोटांचा ठसा घेतात, ती साक्ष नव्हे, तसंच काहीसं कोर्ट म्हणेल. पण जिथे फुंकण्याची सक्तीच नाही तिथे नाही म्हणायला कोण अडवतंय? नाही म्हणावं."

"मग नकार दिला म्हणून काही करता येणार नाही?"

"असं मी कुठे म्हणालो? नाही म्हणायची तुला मोकळीक आहे. हा नाही का म्हणाला, अशी शंका घ्यायची समोरच्यालाही मोकळीक आहे. शंका घेऊ नये असा कायदा अजून कुणी केलेला नाही." वर्ग हसला. तासानंतर ते दाराशी मला म्हणाले, "ऐकलेल्या माणसाला सांग, का नाही म्हणाला ते माहीत असलेला एखादा साक्षीदार आण. घरातला नको. आणि मित्र तर मुळीच नको."

त्यांचं वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि खरं म्हणजे त्याच दिवसापासून मलाही शंका यायला लागली. आधी ती दुसऱ्यांवर होती. कंडक्टरवर तर होतीच. मालकावरही होती, कारण नोटिशीतलं 'पूर्वी व्यसन' त्याच्याखेरीज कोण सांगणार? पण हळूहळू ती घरात आली. नवरात्राची रीत खरी. पण कशाआड लपायचं झालं तर याहून चांगली जागा कोणती? फुंकायला नाही म्हणायचं आणि देवीचं नाव पुढे करायचं. डॉक्टरांना वास आला होता. अव्वा सदरा आता एकदा नाही, दोनदा हुंगत होती. एकदा कॉलर, एकदा खांद्यापाशी. मी तिच्याकडे बघितलं की ती म्हणायची, "घाम आहे." मी काही विचारलेलं नसायचं.

नोटीस यायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. खंडेनवमीला आमच्याकडे गाड्यांची पूजा असते. बसला झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर गंध, चाकांखाली लिंबं. कोहळा फोडायचा मान ड्रायव्हरचा. त्या वर्षी स्टँडवर तो कंडक्टरच्या मेव्हण्याने फोडला. अप्पा आणि मी समोर, पानाच्या दुकानापाशी उभे होतो. कंडक्टर प्रसादाचे चुरमुरे वाटत आमच्याकडे आला. अप्पांच्या हातावर घातले, काही न बोलता. माझ्या हातावर घातले आणि म्हणाला, "वकीलसाहेब, स्वल्प जास्त घ्या." मला तो टोमणा वाटला. मी चुरमुरे खाल्ले नाहीत, खिशात ठेवले.

दसरा झाला. अप्पा रोज संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. एरवी ते कधी फिरायला जात नसत. कुठे जाता विचारलं तर म्हणत, "पाय मोकळे करायला." एके दिवशी मी अंतर ठेवून मागे गेलो. ते पेठेतून स्टँडकडे वळले. वाटेत दारूचं दुकान लागतं. तिथे ते थांबले. दुकानाबाहेरच्या एका माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलला, दोघे हसले. मला वाटलं, आता आत जातील. ते गेले नाहीत, पुढे स्टँडवर गेले आणि उभ्या असलेल्या एका बसच्या पायरीवर बसून राहिले. मी घरी परतलो. आत गेले नाहीत हे मी पाहिलं. पण त्या माणसाशी इतकी ओळख कशी, हे विचारत बसलो. संशयाला पुरावा मिळाला नाही तर तो जात नाही, दुसरा शोधायला लागतो, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीच्या आधी परवाना अधिकाऱ्याकडे बोलावणं आलं. खोलीत अधिकारी, हवालदार, बसमालक, कंडक्टर, अप्पा. मी दाराशी. मी कायद्याचं पुस्तक नेलं होतं, पानांमध्ये चिठ्ठ्या घातल्या होत्या. अधिकाऱ्याने पुस्तकाकडे बघितलं.

"वकील?"

"नाही सर. शिकतोय. मुलगा आहे."

"मग शीक. इथे उभा राहून ऐक, तेही शिक्षणच आहे."

हवालदाराने जे झालं ते सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही, कुत्र्याचं मात्र गाळलं. मालक म्हणाला, "पूर्वी प्यायचा, साहेब. आता पितो असं मी म्हणत नाही. पण एकदा लागलेलं सुटतं काय, तुम्हीच सांगा." मग अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, "फुंकायला काय झालं होतं?" अप्पांनी दिव्याचं सांगितलं. त्यांचं कन्नड चांगलं आहे, पण त्या दिवशी ते अडखळत होते. सांगून झाल्यावर मला स्वतःलाच ते आयत्या वेळी रचलेलं वाटलं.

"अशी रीत मी कधी ऐकली नाही," अधिकारी म्हणाला. "माझ्या कचेरीत तुमची माणसं आहेत. ती नवरात्रातही शाईवर फुंकतात, मी बघतो."

मी पुस्तक उघडलं. बोलायला लागणार, तेवढ्यात कंडक्टर मालकाच्या मागून म्हणाला, "हे फुंकत नाहीत, ते खरं आहे, साहेब."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? आमची गाडी पेट्रोलची. टाकीत गाळ. आठवड्यात दोनदा कार्बोरेटरचं जेट, पेट्रोल जायचं ते बारीक भोक, तुंबतं. जेट खोलायचं, तोंडात धरून फुंकायचं, बसवायचं. ते ड्रायव्हरचं काम. आणि नवरात्र आलं की हे महाराज जेट खोलतात आणि माझ्या हातात देतात. फुंक म्हणतात. दर वर्षी. तोंडाला पेट्रोल माझ्या. सणाच्या जेवणाला चव लागत नाही, पुरणाची होळिगे खातो तरी पेट्रोलच. किती शिव्या घातल्यात मी यांना, विचारा."

अप्पा खाली बघत म्हणाले, "घातल्यात."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "तुझा दोस्त आहे काय हा?"

"नाही साहेब. पावसाळ्यापासून बोलत नाही आम्ही. या वर्षीसुद्धा बोलले नाहीत. नुसतं जेट पुढे केलं."

"आणि याच्या जागी आता कोण चालवतो?"

कंडक्टरने मालकाकडे बघितलं. "माझा मेव्हणा."

प्राध्यापक म्हणाले होते, घरातला नको, मित्र नको. याच्याहून लांबचा साक्षीदार मला शोधून सापडला नसता. मी पुस्तक मिटलं. चिठ्ठ्या आतच राहिल्या.

अधिकाऱ्याने तळहात पुढे केला. "दसरा होऊन गेला ना? आता फुंका."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, का हलवली ते माहीत नाही. अप्पांनी छाती भरून घेतली आणि असं फुंकलं की टेबलावरचे दोन कागद हवालदाराच्या बुटांवर जाऊन पडले. त्या फुंकरीने काही सिद्ध होत नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. अधिकाऱ्याने लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "ताकीद देतो. पुढे पोलिसाने सांगितलं की फुंकायचं."

"नवरात्र सोडून," अप्पा म्हणाले.

"मग नवरात्रात गाडीला हात लावू नका. दोन्ही पाहिजेत, असं कसं?" त्याने लायसन्स पुढे सरकवलं. हवालदार वाकून कागद उचलत होता.

बाहेर आलो. अप्पा मालकाशी बोलायला गेले. मी कंडक्टरपाशी गेलो. आभार मानावेत असं मनात होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मेव्हण्याचं नुकसान करून तुम्ही का बोललात?"

"विचारलं म्हणून बोललो. पेट्रोल मी गिळलं होतं, तू नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीच पोलिसाला सांगितलं, असं तू मनात धरून बसलायस ना? चुरमुरे खिशात घातलेस तेव्हाच कळलं मला."

माझा हात खिशाकडे गेला.

"सांगितलं मीच. पण तक्रार म्हणून नाही. चहा पिताना बोलून गेलो की आमच्या ड्रायव्हरच्या तोंडाला हल्ली वास येतो, घरचेही काळजीत आहेत. तो हवालदार शेजारी उभा आहे, हे मला काय माहीत?"

"घरचे म्हणजे कोण?"

"घरी जाऊन विचार."

मला विचारावं लागलं नाही. लायसन्स मिळालं, हे ऐकल्यावर अव्वा देवापाशी जाऊन बसली आणि उठेचना. मी शेजारी बसलो. कंडक्टर काय म्हणाला, ते सांगितलं.

"त्यांच्या तोंडाला वास यायला लागला होता," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवसापासून. आंबूस, गोड. मला वाटलं, परत सुरू झालं. देवीच्या दिवसांत. मी कंडक्टरच्या बायकोला नळावर सांगितलं, तुझ्या माणसाला म्हणावं, जरा लक्ष ठेव. भांडण झालंय, तर खरं सांगेल, असं वाटलं."

"अप्पांनाच का विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. प्यालेले असते तरी नाही म्हणाले असते, नसते तरी नाही म्हणाले असते. मग विचारून काय करायचं?"

उपाशी पोटाचा तोंडाला तसा वास येतो, डॉक्टरांनी म्हणूनच उपासाचं विचारलं असावं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "असेल." त्या 'असेल'मध्ये निम्मं मान्य होतं, निम्मं नव्हतं. अप्पा दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. ते हातपंपावर हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर अप्पा परत बस चालवू लागले. कंडक्टर आणि ते अजूनही एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. मेव्हण्याला मालकाने आनेकलहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या गाडीवर घेतलं. नवरात्र आलं की अप्पा नऊ दिवस रजा काढतात, आणि ते दिवस मेव्हणाच बस चालवतो. अधिकाऱ्याने सांगितलेलं त्यांनी अक्षरशः पाळलं. मी एकदा म्हणालो, "ती ताकीद होती, कायदा नव्हे. तुम्ही चालवू शकता." अप्पा म्हणाले, "शकतो. पण हुंगायला कोण तयार आहे?"

यंदाच्या घटस्थापनेला मी घरी होतो, परीक्षा संपली होती. माती घातली, घट ठेवला, दिव्यात तेल घातलं, वात ठेवली. काडी ओढायच्या आधी अव्वा थांबली. ती अप्पांकडे वळली आणि उजवा तळहात त्यांच्या तोंडासमोर धरला. आमच्या घरात असं कधी झालेलं नव्हतं. तिने काही विचारलं नाही.

अप्पांनी तिच्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, नाही म्हणतील. तेवढा हक्क त्यांना होता, कुणापेक्षाही जास्त. पण दिवा अजून लागला नव्हता. त्यांनी हळूच फुंकलं, कॉफीवर फुंकावं तसं. अव्वाने हात नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि पदराला पुसला.

"लाव आता," अप्पा म्हणाले.

तिने काडी ओढली. दिवा लागला आणि पुढचे नऊ दिवस कुणी कुणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांचा सदरा धुवायला टाकताना ती दोरीपाशी जरा थांबली. मी बघत होतो. ती सदरा नाकापर्यंत घेऊन गेली, की नुसती बटणं बघत होती, ते मला तिथून नीट दिसलं नाही.